पुरळ पुन्हा पुन्हा का उठतं? कुडाळकडच्या एका उपकेंद्रातल्या नोंदी

मी सिंधुदुर्गात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावाचं नाव देत नाही, मुलांचीही नाही. वहीत मुलांना आकडे दिले होते, तेच इथे ठेवलेत. नोंदी जशा लिहिल्या तशाच आहेत, फक्त घरं ओळखू येतील असे तपशील काढलेत.

१८ जून २०२४

अंगणवाडीच्या बाई आज हजेरीची वही घेऊनच आल्या. म्हणाल्या, "मॅडम, गाणं म्हणताना पोरांचे हात टाळीला येतच नाहीत, सगळे खाजवत बसतात." वहीत ९ नावांसमोर पेन्सिलने फुली होती. सगळी ६ वर्षांच्या आतली. काहींचं पुरळ एप्रिलपासून येतंय आणि जातंय. शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकाने मागच्या फेरीत दोघांच्या कार्डावर ‘त्वचारोग’ लिहिलं होतं. त्यापुढे काही झालेलं नाही.

आजवर काय काय लावून झालंय ते आशाताईंनी सांगितलं. आमसुलाचं पाणी, सोनगेरू, कॅलामाइन, कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ, आणि मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबा. प्रत्येक घरात पुरळाला वेगळं नाव आहे. एकीकडे पित्त, एकीकडे घामोळं, एकीकडे ‘उष्णता’. डाळ बंद, अंडं बंद, मासे बंद असंही तीन घरांत चालू आहे. वाढीच्या वयातल्या मुलांच्या ताटातून अंडं काढलंय, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

ठरवलं, की ही ९ मुलं नीट बघायची आणि दर वेळी लिहायचं.

२१ जून

वटपौर्णिमा. बायका घरीच होत्या, म्हणून आज वाडीत फिरले. सगळ्या ९ जणांना टॉर्च लावून बघितलं.

मूल १, २, ५, ८: बोटांच्या बेचक्यात बारीक फोड, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती, काखेत. मूल ८ अजून वर्षाचं नाही, त्याच्या तळपायालाही आहेत. रात्री खाज वाढते. आईलाही आहे, मोठ्या बहिणीलाही. ही खरूज, शंका नको.

बाकी ५ जणांचं इतकं स्पष्ट दिसलं नाही. तरी एकाच अंगणवाडीत बसणारी मुलं, एकमेकांच्या अंगावर लोळणारी. मी तीही खरूजच धरली. प्राथमिक आरोग्य केंद्रातून परमेथ्रिन ५ टक्के मलम आणून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने सगळ्या ९ घरांत दिलं.

मलम लावणं बायकांना समोर करून दाखवलं. मानेखाली सगळ्या अंगाला, नखांच्या खाली, बोटांच्या मध्ये. तान्ह्याला डोळे-तोंड सोडून डोक्यालाही. रात्री लावायचं, ८ ते १४ तास ठेवायचं, सकाळी धुवायचं. खाज असो नसो, घरातल्या प्रत्येकाने त्याच रात्री लावायचं. नेमकं हेच पटत नाही. "माका कशाक? माका खाज नाय," हे प्रत्येक घरातल्या पुरुषाने म्हटलं. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर माणूस बिनखाजेचा राहून दुसऱ्याला देत असतो. हे दोन ठिकाणी दोन-दोनदा सांगितलं. शेवटी एका घरात आजोबांनी आधी लावून घेतलं, मग सगळे आले.

५ जुलै

मलमाचा दुसरा हात लावण्याचा दिवस. मूल १, २, ५, ८ छान आहेत. खाज पूर्ण गेलेली नाही, पण ती मलमानंतरही २ ते ४ आठवडे राहू शकते. मी नवे फोड आलेत का तेवढंच बघते. चौघांनाही नवा एक नाही.

मूल ३, ४, ६, ७, ९ जसेच्या तसे. मूल ३ ला तर कालच नवं पीक आलंय.

म्हणजे माझं चुकलं. खरूज असलेल्या चौघांवरून बाकी पाचांचं ठरवलं. मूल ३ च्या आईने मलम अगदी मी सांगितलं तसं लावलं होतं, घरातली ७ माणसं मध्यरात्रीपर्यंत त्यात होती. तिला मी आज सांगितलं की हे ते नव्हतं, माझा अंदाज चुकला. ती रागावली नाही. "मगे काय ता शोधा," एवढंच म्हणाली.

९ जुलै

चित्रकलेच्या वहीत प्रत्येक मुलाची पुढून आणि मागून आकृती काढली. नवं पुरळ लाल पेन्सिलीने, जुने डाग निळ्याने.

मूल ३ (साडेचार वर्षं, मुलगी) हिची पोटरी जवळून बघितली. घट्ट, फुगलेले, मसुराच्या डाळीएवढे लाल उठाव. प्रत्येकाच्या मधोमध टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका. एकेकटे फार थोडे, बहुतेक दोन-तीन जवळजवळ. बेचक्यात काही नाही, तळव्याला नाही, काखेत नाही. चड्डीच्या आतली जागा स्वच्छ. उजव्या हाताला, उजव्या पोटरीला आणि मानेच्या उजव्या बाजूला लाल पेन्सिल जास्त लागली. मूल ४ आणि ७ ची चित्रं हिच्यासारखीच, पण त्यांना उजवं-डावं सारखंच.

मूल ६ आणि ९ ची चित्रं मात्र वेगळीच आहेत. ज्याला आम्ही सगळे ‘पोरांचं पुरळ’ म्हणत होतो ती निदान तीन-चार दुखणी आहेत, हे कागदावर मांडल्यावर कळलं.

मूल ७ ने खाजवून दोन फोड फोडलेत, मधासारखी पिवळी खपली धरलीय. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवलं. आईला सांगून ठेवलं की पुढचे काही आठवडे सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तडक दवाखाना गाठायचा. अशा पिकलेल्या फोडांतल्या स्ट्रेप्टोकोकसमुळे नंतर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. पुरळाने मूल मरत नाही म्हणून ते कुणी मनावर घेत नाही. पण खाजेने रात्रीची झोप जाते, आणि एखाद्याच्या बाबतीत असं काही पुढे वाढून ठेवलेलं असतं.

१२ जुलै

मूल ६, दोन वर्षांचा. जांघेत आणि गालावर पसरट लालसर चट्टा, कडा अस्पष्ट. आईने पिशवीतून ट्यूब काढून दाखवली. लावली की दोन दिवसांत बरं, सोडली की आठवड्यात दुप्पट. हे आठ महिने चाललंय. वेष्टन वाचलं: एकाच मलमात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड. तालुक्याच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेलं.

हा नायटा आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते, आणि गोल कडेवरून ओळखू येणारा नायटा ओळखू येईनासा होतो. त्वचेवर लावायची अशी स्टेरॉइडं केंद्र सरकारने २०१८ साली शेड्यूल एचमध्ये घेतली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी दोन वर्षांच्या बाळाच्या गालावर ते आठ महिने लागत राहिलं. त्या आईचा यात काही दोष नाही. तिने दुकानदाराला विचारलं आणि तिला उत्तर मिळालं, आमच्याकडे ती विचारायला आली तेव्हा मिळालं नव्हतं.

जिल्हा रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ट्यूब अंदाजाने एकदम तोडू नका, ते सांगतील तसं करा, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. वडिलांच्या कमरेलाही नायटा निघाला. दोघांचे टॉवेल वेगळे करायला सांगितले.

१५ जुलै

मूल ९. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या वळीत कोरडी, जाडसर, खरखरीत कातडी. थंडीत जास्त. वडिलांना दमा, आत्याला दरवर्षी शिंका. हा इसब, अटोपिक डर्मटायटिस. साबण कमी, आंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच खोबरेल. बाकी डॉक्टर बघतील. खोबरेल सांगितल्यावर आजीला फार आनंद झाला, तिचं तेच म्हणणं होतं.

उरले ३, ४ आणि ७.

१९ जुलै

मूल ३ कडे परत. परवा आषाढी झाली, तेव्हापासून पुरळ जोरात आहे. उपासाच्या साबुदाण्याने असं आईला वाटतंय.

आजी हात पुढे करून म्हणाली, "गो बाय, एकाच वाकळीत निजतंव आमी. माझ्या आंगार बघ, एक फोड गावाचो नाय. नि ह्या चेडवाक रोज नवे. चावणारा काय असता तर माका सोडला असता?"

प्रश्न बिनतोड होता. मी रात्री पुस्तकं काढली. उत्तर केनेथ मेलनबी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाच्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धात शेफील्डमध्ये, लढायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर त्याने खरजेचे प्रयोग केले. खरजेच्या रुग्णाच्या अंगावर सरासरी ११-१२ माद्याच असतात, हे त्याच कामातून कळलं. पुढे १९४६ साली त्याने डासांच्या चाव्यांबद्दल लिहिलं. माणसाचं शरीर चाव्याला टप्प्याटप्प्याने उत्तर देतं. अगदी सुरुवातीला काहीच उठत नाही. मग दुसऱ्या दिवशी उठतं. मग लगेच आणि दुसऱ्या दिवशीही उठतं. मग फक्त लगेच. आणि वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर परत काहीच उठत नाही.

आजी शेवटच्या टप्प्यावर आहे. नात मधल्या. घरातलं पाच महिन्यांचं बाळ अजून पहिल्यावर असेल. तिघंही एकाच वाकळीत चावून घेत असतील आणि पुरळ मात्र एकीलाच. याला डॉक्टर पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात, साधारण २ ते १० वर्षांच्या मुलांचं दुखणं. एक नवा चावा झाला की दुसरीकडचे जुने, सुकलेले डागही पुन्हा फुगून येतात, म्हणून आईला वाटतं की सगळ्या अंगावर एकदम उठलं.

आता चावतंय काय? डास म्हणावं तर मच्छरदाणी आहे आणि ती धड आहे. ढेकूण शोधले, चटईच्या शिवणी उसवून बघितल्या, काळे ठिपके नाहीत.

२२ जुलै

रात्री साडेनऊला आशाताईंबरोबर गेले. पाऊस धो धो, लाइट गेलेली. दिवसा बघण्यात काही अर्थ नाही हे उशिरा सुचलं. मूल झोपतं तिथे, ते झोपलेलं असताना बघायला हवं होतं.

माजघरात चुलीच्या भिंतीला लागून वाकळ. भिंतीकडून आधी मूल ३, मग आई आणि बाळ, पलीकडे आजी. मुलगी भिंतीकडे उजवी कूस करून झोपलेली. तिच्या उशाशी, मच्छरदाणीच्या काठाला टेकून, पेंढ्याने भरलेली एक टोपली. रिकामी.

"ही कसली?"

"रवणीची," आई म्हणाली.

खुडूक झालेली कोंबडी अंड्यांवर बसवतात, त्याला इथे रवणीला बसवणं म्हणतात. पावसात बाहेर ठेवता येत नाही म्हणून टोपली पाऊस सुरू होताच घरात आली होती, कोंबडी नंतर बसली. "भायर ठेयलंय तर मुंगूस सोडूचा नाय, मॅडम." कधी बसवली ते तिला तारखेने आठवेना, पण अंगारकीच्या दिवशी बसवली हे पक्कं होतं. अंगारकी २५ जूनला होती. २१ दिवस धरले तर १६ जुलै, आषाढीचा आदला दिवस. पिल्लं निघाली, कोंबडी पिल्लांना घेऊन पडवीत गेली, टोपली तिथेच राहिली. आणि आषाढीपासून पुरळ जोरात.

मी रुमाल टोपलीच्या काठावर पसरला आणि टॉर्च बंद करून आम्ही दहा मिनिटं गप्प बसलो. टॉर्च लावला तेव्हा पांढऱ्या रुमालावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके होते आणि ते चालत होते. काही राखाडी, काही लालबुंद. एक लाल ठिपका नखाखाली दाबला तर रक्ताची बारीक रेघ उमटली. भिंतीच्या सारवणाला जी चीर गेलीय तिच्यातून ते वाकळीच्या दिशेने ओळीने उतरत होते.

आजीने जवळ येऊन बघितलं आणि नातीला उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला निजवलं. काही बोलली नाही.

सेलोटेपवर दहा-बारा चिकटवून आणलेत.

२४ जुलै

आरोग्य केंद्रात रोज मलेरियाच्या रक्तपट्ट्या बघतात त्याच सूक्ष्मदर्शकाखाली टेप ठेवली. आठ पाय. म्हणजे पिसू नाही, पिसवेला सहा असतात. आकार जेमतेम १ मिलिमीटर. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं: कोंबडीचा लाल माइट, डर्मॅनिसस गॅलिनी. आंब्या-मिरचीवर ज्याला शेतकरी कोळी म्हणतात त्याच्या दूरच्या नात्यातला, पण रक्त पिणारा.

त्यांनी सांगितलेलं लिहून ठेवते. हा दिवसा कोंबडीच्या अंगावर राहत नाही, फटीत लपतो. रात्री येऊन रक्त पितो आणि परत जातो. म्हणून दिवसा कोंबडी उचलून बघितली तर काही सापडत नाही. ऊब असली की आठ-दहा दिवसांत नवी पिढी. म्हणजे एका रवणीत दोन पिढ्या सहज होतात. कोंबडी उठून गेली की हे उपाशी राहतात आणि जवळ जे उबदार असेल त्याच्याकडे निघतात. माणसाच्या अंगावर ते वस्ती करत नाहीत, अंडी घालत नाहीत, म्हणून अंगाला लावायच्या मलमाने हे थांबणार नव्हतंच. आणि उपाशी कित्येक महिने जगतात.

२६ जुलै

मूल ४ आणि ७ च्या घरी गेले. दोन्हीकडे कोंबड्या आहेतच, त्या कोणाकडे नाहीत? पण टोपली कुठे हे विचारल्यावर दोघींनी एकच घर दाखवलं. तीच टोपली. रवणीला लकी म्हणून ती तिन्ही घरांत फिरते, तिच्यात बसवलेलं एकही अंडं वाया जात नाही म्हणे. मूल ७ कडे ती एप्रिलमध्ये होती, मूल ४ कडे मेमध्ये. दोन्ही घरांच्या भिंतींच्या चिरा आम्ही रात्री बघितल्या. मूल ४ कडे भरपूर, मूल ७ कडे थोडे.

पुरळ ज्या क्रमाने घराघरांत गेलं तो क्रम अंगणवाडीच्या वहीतल्या पेन्सिलीच्या फुल्यांशी जुळतो. बाईंनी तारखा टाकल्या नसत्या तर हे कधी कळलं नसतं.

२९ जुलै

कामाचा दिवस. मूल ४ च्या काकांनी आंब्याच्या फवारणीचं औषध आणून ठेवलं होतं, घरात मारायला. मी हात जोडून थांबवलं. जिथे मुलं जमिनीवर झोपतात, भिंतीला तोंड लावतात, तिथे बागेचं औषध मारायचं नाही. थोडा वाद झाला. पशुवैद्यकीय डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिल्यावर ऐकलं.

पेंढा चुलीत गेला. टोपलीवर तीनदा उकळतं पाणी ओतलं, तिन्ही वेळा रुमाल ठेवून बघितलं. भिंतींच्या चिरा शेणमातीने बुजवल्या आणि वरून चुना दिला. वाकळी उकळत्या पाण्यात काढल्या, पण या पावसात वाळणार कशा? चुलीवरच्या दांडीला एक-एक करून तीन दिवस लागतील. पडवीतल्या खुराड्याच्या दांड्या काढून त्यांच्या टोकांच्या खाचा उकळत्या पाण्याने धुतल्या, लपायची खरी जागा तीच. कोंबड्यांचं काय करायचं ते डॉक्टर स्वतः येऊन बघणार आहेत.

मुलांना ओल्या फडक्याचा गारवा, नखं कापणं, आणि रात्रीपुरतं खाजेचं सिरप डॉक्टरांनी दिलंय. अंडं, डाळ, मासे आजपासून चालू. हे मी तिन्ही घरांत चुलीपाशी बसून सांगितलं.

२३ ऑगस्ट

मूल ३: दोन आठवड्यांत एकही नवा उठाव नाही. निळी पेन्सिल भरपूर, लाल शून्य. डाग जायला महिने लागतील हे आईला सांगितलं. मूल ७ तसंच. त्याची लघवी ठीक, सूज नाही. मूल ४ ला चार नवे. परत जाऊन बघितलं तर माळ्यावर जुन्या पेंढ्याचं पोतं निघालं. काढलं.

मूल ६ चा गाल सुधारतोय. मूल ९ बरं.

६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. वाडी चाकरमान्यांनी भरलीय. डोंबिवलीहून आलेली एक आई मुलाला घेऊन उपकेंद्रात आली, आशाताईंनी तिला माझ्या वहीबद्दल सांगितलं होतं. तिच्या तीन वर्षांच्या मुलाला वर्षभर असंच पुरळ येतंय, तीन डॉक्टर झाले. गावी आलं की चार दिवसांत थांबतं. ती म्हणाली गावचं पाणी मानवतं.

मी विचारलं, तो झोपतो कुठे. खिडकीला लागून. खिडकीबाहेर? एसीचा डबा. डब्यावर? तिने माझ्याकडे बघितलं. "कबुतरं आहेत. दोनदा घरटं केलं होतं. पिल्लं उडाली की जातात ना ती?"

घरट्यातले माइट कबुतरांचेही असतात आणि पिल्लं उडाल्यावर तेही असेच आत येतात. हेच असेल असं मी म्हटलं नाही. घरी गेल्यावर रात्री पांढरा रुमाल कसा ठेवायचा आणि सेलोटेपवर काय पकडायचं ते दाखवलं. टेप इकडे पोस्टाने पाठव म्हटलं.

१५ ऑक्टोबर

मूल ४ लाही महिनाभर नवं काही नाही.

मूल ३ च्या आजीने आज कोंबडी रवणीला बसवली. टोपली नवी, पेंढा नवा, जागा पडवीच्या टोकाला, वरून मुंगसासाठी जाळी. माजघराच्या भिंतीपासून मी पावलं मोजली, १४ भरली. पिल्लं ५ नोव्हेंबरच्या सुमाराला निघतील. त्या दिवशी पेंढा लगेच जाळायचा असं आजीनेच ठरवलंय. त्या रात्री मी रुमाल घेऊन जाणार आहे.